गवताखालचे नळ

ब्रॅकेट फॉल्समध्ये दुधाच्या पावतीवर
शेवटून दुसरी ओळ अजून छापून येते:
स्टेडियम, अर्धा टक्का.
टीम जाऊन चार वर्षं झाली.
ओळ राहणार आणखी सतरा.

सभा होती मंगळवारी,
मुद्दाम मंगळवारी, असं ऑर्लीन म्हणते,
कारण मंगळवारी कारखान्यात दुसरी पाळी लांबते.
बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.
टेबलावर अंडी उकडायचं घड्याळ.
मालक आला नाही. वकील आला,
गळ्यात टीमचा मफलर, घडीही न मोडलेला.
म्हणाला, आम्हाला इथंच राहायचंय.
म्हणाला, पण.
मग पाणी प्यायला,
आणि दक्षिणेकडच्या एका शहराचं नुसतं नाव घेतलं,
जसं मुलगी बघायला आलेले लोक
चहा पिता पिता, सहज,
कालच्या घरी काय कबूल झालं ते सांगतात.

तिबोर ह्लावाटी उठला. मैदानाचा माळी.
टोपी हातात. एवढंच विचारलं:
गवताखाली गरम पाण्याचे नळ घालणार, बावीस मैल,
आणि गारफील्ड शाळेचा बॉयलर
नाताळपासून बंद आहे. ते कसं?
अध्यक्षबाई म्हणाल्या, ते खातं वेगळं.
घड्याळ वाजलं. त्याची अजून दोन मिनिटं उरली होती,
पण तो बसला.

दोनशे चौदा मतांनी आपण जिंकलो.
आपण म्हणजे टीम.
मीही ‘होय’वर खूण केली, खोटं कशाला सांगू.
माझा बाप जुन्या मैदानाच्या लाकडी बाकावर बसून
बावीस वर्षं हरत आला होता.
बाकाचं कुसळ त्याच्या तळहातात
शेवटपर्यंत राहिलं. मला वाटलं,
निदान खुर्ची तरी चांगली मिळेल कुणाला.

करारात चौदावं कलम होतं.
त्यात ‘समाधानकारक’ हा शब्द होता.
समाधान कुणाचं, ते लिहिलं नव्हतं.
नऊ सीझन. मालकाच्या खोलीला स्वतंत्र लिफ्ट.
ग्रंथालय शुक्रवारी बंद, मग गुरुवारीही.
आणि एका नोव्हेंबरात, रात्री, तीन ट्रक.
गोलपोस्ट नेले नाहीत.
नाव नेलं.
निळा-केशरी पट्टा नेला; तसं पत्रच आलं वकिलाचं,
ऑर्लीनला दुकानाची पाटी पुन्हा रंगवावी लागली.
वऱ्हाड गेलं, नवरदेव गेला,
मांडवाचं भाडं तेवढं
दुधात, पावात, बुटांच्या नाड्यांत.

नळ मात्र चालू आहेत.
बंद केले तर गोठतील, गोठले तर फुटतील,
फुटले तर दुरुस्ती काउंटीच्या माथी: कलम एकतीस.
म्हणून जानेवारीत सगळं गाव पांढरं असताना
मधोमध एक हिरवा चौकोन
कुणासाठीही नाही असा वाफाळत असतो.

आधी हरणं आली, पार्किंगच्या बाजूने.
मग एक दिवस, बॉयलर पुन्हा बसला तेव्हा,
तिबोरने पूर्वेचं फाटक उघडं ठेवलं.
क्वार्शीबाई चौथीचा वर्ग घेऊन आल्या,
फळा नाही, नुसत्या वह्या.
पोरांनी जाकिटं काढून पेनल्टीच्या रेषेवर रचली.
एक मुलगी गवताला गाल लावून पडली
आणि म्हणाली, खाली कुणीतरी झोपलंय.
तिला कुणी उठवलं नाही.
अकरा दिवस भागाकार तिथंच झाला.
बाराव्या दिवशी विमा कंपनीची नोटीस आली,
फाटकाला नवं कुलूप,
तिबोरकडून किल्ल्यांचा जुडगा परत.

या वसंतात आणखी एकजण आला.
दुसरी लीग, दुसरा मालक, बूट मात्र तसलेच.
खुर्च्या मोजल्या, लिफ्ट वरखाली करून पाहिली,
गवत दाबून म्हणाला, वा.
नंतर ऑर्लीनकडे कॉफी घेतली, एक सँडविच.
पावती डोळ्यांजवळ धरून विचारलं,
ही ओळ कसली?
दुकानात आम्ही पाचजण होतो.
ऑर्लीनने सुटे पैसे मोजून त्याच्या हातात दिले.
चार सेंट त्याचेही गेले होते.
मी पाहिलं, त्याने पुन्हा मोजले.