साठ अंश

मष्णूमामाच्या कौलभट्टीमागं चूल आहे.
एक दगड मलप्रभेतला, गुळगुळीत.
एक जांभा, पावसानं भोकं पडलेला.
तिसरा दगड नाहीच,
लोंढ्याकडच्या रुळांजवळनं उचललेला सिमेंटचा ढेपसा.
एकोणीस वर्षं त्यावर चहा उकळतोय.

"वजनं सारखी असूदेत नसूदेत," मामा म्हणाला,
"अंतर तेवढं सारखं पायजे."

मी खानापुरात गणित शिकवते.
माझ्या पिशवीत तेच वाक्य होतं,
इंग्रजीत, अकरा पानांचं:
तीन गोल एकमेकांना ओढत असतील,
एक डोंगराएवढा, एक लिंबाएवढा, एक कसाही,
आणि घडी न मोडता फिरायचं असेल त्यांना
तर समभुज त्रिकोण.
वजनं कुठलीही घाला.

नाहीतर एका रेषेत उभं राहायचं.
पण रेषेवरची मांडणी टिकत नाही कधीच,
फुंकर पुरते.
हे वाक्य मी वर्गात भरभर वाचून पुढं जाते.
आमच्याकडं रेषा म्हटलं
की पोरं खिडकीबाहेर बघतात.

ज्यानं हा त्रिकोण मांडला
त्याचं नाव दोन देश दोन तऱ्हेनं लिहितात.
एवढ्यावरनं मला तो ओळखीचा वाटतो.
मीही कोथिंबिरीचा भाव कन्नडात पाडते,
सुटे पैसे मराठीत मोजते,
सिद्धता इंग्रजीत उतरवते.
तीन गोल, तीन कोपरे.
उपमा हाताशी आली होती.
तिला हात लावला नाही,
कारण पुढच्या पानावर अट आहे.

तिन्ही सारख्या वजनाचे असतील
तर त्रिकोण मोडतो.
एक जरासा ढळला
की थोड्या फेऱ्यांत तिघं कुठल्या कुठं.
टिकायचं तर एक इतका जड हवा
की उरलेले दोघं मिळून
शंभरात चारही भरू नयेत.
गणित तीनदा तपासलं.
बरोबर होतं.
मला राग आला, आणि कुणावर काढावा कळेना.

"काय वाचूलीस गे?"
मी सांगितलं. त्याच्या भाषेत,
म्हणजे माझ्याच,
कोळशानं विटेवर आकृती काढून.
मामानं आकृतीकडं पाहिलं,
मग चुलीकडं.
"टिकत नाही म्हणजे?
हे पण सरकतंय की.
तापलं की सरकतंय, निवलं की सरकतंय.
रोज बसवायचं."

झाडांच्या वर गुरू आला होता.
त्याच्या साठ अंश पुढं काही दगड चालतात,
साठ अंश मागं काही,
कुणी न बसवता.
डोळ्यांना ते दिसत नाहीत.
गुरू शंभरातल्या शहाण्णवांच्या सोयीनं फिरतो.

मामानं टाचेनं ढेपसा
बोटभर आत सारला.
तेवढ्यात चहा उतू गेला,
जांभ्याच्या बाजूनं.