माहिती फलक

फाट्यावरचा फलक नवा करायचा म्हणून
ग्रामसेवकांनी कागद दिला :
उंबरणे गावाचा इतिहास सहा ओळी, सुविधा बारा,
अक्षराला सात रुपये,
जोडाक्षर एकच धरायचं.

आधी जुना रंग खरवडला.
मोबाईल मनोरा गेला, त्याच्याखाली एसटीडी बूथ निघाला,
माझ्याच हातचा, पिवळा, त्र्याण्णव सालचा.
त्याच्याखाली रॉकेल डेपो.
अगदी तळाला, पत्र्याला धरून,
अब्बांच्या कुंचल्याचं वळण :
‘धर्मशाळा. बैलांस पाणी. चोरभय नाही.’
पॉलिश पेपर तसाच हातात राहिला.
चहा गार झाला.

कागदावरचा इतिहास म्हणतो :
‘प्राचीन काळापासून भरभराटीची बाजारपेठ.’
आमच्यात सांगतात ते वेगळं.
कोकणातनं मीठ घेऊन घाट चढलेले बैल
या खोऱ्यात येऊन बसले, ते उठेनात.
मग माणसंही बसली. पेठ झाली.
पुढं नदीला बंधारा, बंधाऱ्याला फळ्या,
घनसाळाच्या खाचरांत ऊस,
आणि गुऱ्हाळाच्या धुरात चुरचुरलेले
दोन पिढ्यांचे डोळे.

दूध संस्था : दोन.
(एकच होती. फॅटवरनं चुलत्या-पुतण्याचं वाजलं.)
तालीम : एक. माती आहे, पोरं शिरोलीच्या कारखान्यात.
हौद्यात आता लोहारांची मांजर वितेय.
एटीएम : आहे. पैसे गडहिंग्लजला.
‘गव्यांपासून सावध’ कुठं लिहू, विचारलं,
सुविधेत येतं का इतिहासात?
ग्रामसेवक हसले नाहीत.
‘दवाखाना’पुढं ‘डॉक्टर मंगळवारी’ घालू का?
‘नको निजामभाई, बजेट नाही.’

सगुणाक्का सुतारीण कुठल्याच रकान्यात बसेना.
जीप घाटात अडकायची त्या काळात
कंदील धरून ती घरोघरी गेली.
लोकसंख्या म्हणून जो आकडा मी रंगवतोय
त्यातला निम्मा तरी तिच्या हातांवरनं आला.
माझा धाकटा पायाळू होता.
नाळ कापून झाल्यावर म्हणाली होती,
‘ह्याच्या हातात ब्रश देऊ नगंस, शिकीव.’
शिकवला. तो आता कोल्हापुरात
फ्लेक्स छापायच्या दुकानात आहे.

दुपार कलली. ‘कोल्हापूर ७२ कि.मी.’ झालं.
शेवटी ‘दवाखाना’ घेतलं,
आणि त्याचा शेवटचा काना
जरा कलता सोडला,
सुतार आळीच्या बाजूला.
त्याचे पैसे लावले नाहीत.

साडेआठची मुक्कामाची गाडी आली,
वळताना धूळ उडाली,
ओल्या अक्षरांवर बसली. बसू दिली.

सकाळी परतीच्या फेरीला कंडक्टर खिडकीतनं म्हणाला,
‘पेंटर, काना वाकडा गेलाय.’
म्हटलं, व्हय.
वारं होतं.