रीडिंग

शुक्रवारी शेवटचं मीटर वाचलं कुर्टीला,
ज्यांचा नळ गळतो आणि जे दर महिन्याला
मलाच चोर ठरवतात, त्यांच्या घरी.
शनिवारी पहाटे पुतणी दारात:
"काका, बूट घाला. चप्पल चालणार नाही."

सव्वीस वर्षं मी पाणी मोजतो.
लहानपणी तिनं विचारलेलं, पाणी येतं कुठून?
मी म्हणालो, ओपाच्या टाकीतून.
तेव्हा ती गप्प बसली. आज नेते आहे.

चतुर्थी होऊन पंधरा दिवस. नेत्रावळीच्या नाक्यावर
वहीत वय लिहिताना मी तीन वर्षं कमी केली.
वाट दाखवायला सुगंधा वेळीप,
पायात रबरी स्लिपर, कमरेला कोयता.
आम्ही सहा जण, सहा रंगांच्या पिशव्या,
तिच्याकडे फक्त एक पुरचुंडी: मीठ, तंबाखू.
"हें कित्याक?"
"तुमच्या पांयांक विचारात."

पायांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं.
मोज्याच्या विणीतून आत शिरलेली जळू
माझ्या घोट्यावर बसून पीत होती,
सावकाश, बिलाची चिंता नसल्यासारखी.

मग चढ नाही, उतार.
भेरली माडाच्या झुपक्यांखालून, किंदळांच्या मुळांना धरून,
बुडावर बसून, हसत, न हसत.
धबधबा दिसायच्या आधी दातांत जाणवतो.
आणि मग मैनापी.

मी काय पाहिलं ते सांगत नाही.
मी काय केलं ते सांगतो:
मनात पंधरा लिटरची बादली धरली
आणि घड्याळाकडे बघितलं.
एक सेकंद. बादली गेली.
दुसरी धरली. तीही गेली. मग हात.
बाकीचे डोहात ओरडत होते, ग्लेन्सननं चष्मा हरवला,
मी खडकावर उभा, तुषारांनी भिजलेला,
तोंडाने आकडे पुटपुटत,
एखाद्या म्हाताऱ्यासारखा ज्याला जप येतो
पण देव आठवत नाही.

रात्री तंबू सुगंधाच्या कुळागरात, पोफळींमध्ये.
भाकरी, तळलेले बांगडे, सोलकढी, आणि पुतणीनं
नको तिथे सांगून टाकलं: काका पाणी खात्यात आहेत.
सुगंधानं चुलीतलं लाकूड आत सारलं.
"मीटर आसा," ती म्हणाली. "बिल येता.
मे म्हयन्यांत उदक येना."
आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं,
तक्रारीसाठी माझ्याकडे छापील कागद असतो.

झोप नाही. तंबूबाहेर ओहळ.
कुणीतरी नळ उघडा टाकून गेलंय
असं वाटून अंधारात दोनदा माझा हात उठला,
बंद करायला.
तिसऱ्यांदा उठला तेव्हा मी बाहेर आलो.
कुजलेल्या ओंडक्यावर फिकट हिरवा उजेड होता,
बुरशीचा, म्हणे. विजेविना, खात्याविना.
त्यात माझी बोटंसुद्धा दिसली नाहीत.
तरी बराच वेळ बसलो.

रविवारी निघताना तिच्या परसात गेलो.
भिंतीजवळ, अळूच्या पानांखाली, मीटर.
मातीचा थर, मी अंगठ्यानं पुसला.
काचेआड मुंग्यांनी घर केलं होतं,
आकड्यांच्या चाकांवर पांढरी अंडी,
चार आणि एक यांच्या मधोमध.
पुतणी म्हणाली, "काका, बस सुटेल."

आमच्या वहीत सगळ्यासाठी खूण आहे:
दार बंद. कुत्रा. मीटर नादुरुस्त.
मी वही काढली, पेन्सिल काढली.
मुंग्या अंडी उचलून धावू लागल्या,
मला घाबरून असेल,
किंवा उजेडाला.

सुगंधा मागे उभी, हातात भरलेली बाटली.
"व्हाळाचें," ती म्हणाली. "वाटेर पियात."
पेन्सिल कानावर खोवून मी बाटली घेतली.
लिटरच असेल.
सव्वा असेल.