दोन दहा

रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
बिबवेवाडीतल्या आमच्या लॅबचा सर्व्हर मान टाकतो.
आवाज होत नाही.
लॉगमध्ये एक ओळ उमटते फक्त:
मेमरी संपली, प्रोसेस मारली.
सगळ्यांत जास्त खाणाऱ्याला
सिस्टिम आधी उचलते. चौकशी नंतर,
आणि ती करायची आम्ही.

इरफान तांबोळी म्हणतो, मॅडम, रॅम वाढवू या.
गेल्या दिवाळीत वाढवली, मी म्हणते.
बत्तीसची चौसष्ट झाली,
तेव्हा बारा वाजता पडायचा, आता दोनला पडतो.
दोन तास विकत घेतले आपण, जीएसटीसकट.

मग बसलो दोघं, सेंट्रिफ्यूजच्या खोलीवर,
खाली फ्रिजची घरघर,
समोर शंभर ओळींची क्वेरी.
काम साधं: सहा महिन्यांत साखर तपासायला
पुन्हा न आलेले पेशंट, नाव आणि फोन, आडनावाच्या क्रमाने.
पण लिहिणाऱ्याने मागितलंय सगळंच.
एक चांदणी टाकलीय सिलेक्टपुढे,
आणि त्या चांदणीमागून चालत येतात
पत्ते, बिलं, डॉक्टरांच्या सह्या,
स्कॅन केलेले अख्खे रिपोर्ट.
कुलकर्णी आधी की कुंभार, एवढं ठरवायला
प्रत्येकाने घरचं कपाट डोक्यावर घेऊन
रांगेत उभं राहायचं.

चांदणी काढली. पडला तरी.
पण पडला दोन चाळीसला.

म्हणून सेटिंग उघडलं.
कामाची मेमरी: दोनशे छप्पन एमबी.
ठीक वाटतं ना? इरफानलाही वाटलं.
पण ही मर्यादा सगळ्यांत मिळून नाही रे,
प्रत्येकाला वेगळी.
पंगतीत वाढपी भाताचं पातेलंच
पानाशेजारी ठेवून पुढे जातो तसं.
क्वेरीत चार ठिकाणी चाळणं-लावणं,
दोन दहाला साठ शाखा एकदम जेवायला.
त्याने मोबाइलवर गुणाकार केला
आणि मोबाइल उलटा ठेवला टेबलावर.
साठ जीबी.

त्या ओळीशेजारी टीप होती:
तात्पुरतं. नंतर बघू. वै. डिं.
साल दोन हजार सोळा.
इरफानने वाचली आणि खिडकीबाहेर पाहिलं,
सभ्य मुलगा आहे.
वैजयंती डिंगरे मीच.

आकडा खाली आणला. तरी मला चैन पडेना.
प्लॅन मागवला.
अंदाज: दोनशे बारा ओळी.
प्रत्यक्ष: एक्केचाळीस लाख.
शेवटची मोजदाद कधीची?
हडपसर, चाकण जोडण्याआधीची.
डेटाबेसच्या मते अजून आपण
एका गाळ्यातली लॅब, दोन खुर्च्या, एक पंखा.
तेवढ्याच हिशोबाने भांडं घेतलं त्याने
आणि नदी ओतली त्यात.

मला आमचे धाकटे मामा आठवले, कर्वे रोडवरचे.
कोथरूड त्यांना अजून गावाबाहेर वाटतं.
वारजे म्हणालं की विचारतात, मुक्कामाला जाणार का?
चुकत नाहीत ते. फक्त
कुणी पुन्हा मोजून सांगितलेलं नाही त्यांना.

मोजून घेतलं. सात मिनिटं लागली.
प्लॅनने वाट बदलली आपणहून,
साठ शाखा जेवून उठल्या,
दीड सेकंद, बारा एमबी.
इरफान म्हणाला, एवढंच?
मी म्हटलं, हो. आणि आठ वर्षं.

मेलमध्ये कारणाच्या रकान्यापाशी तो थांबला.
कुणाचं नाव लिहू?
माझं लिही, म्हटलं, टीप माझी आहे.
त्याने लिहिलं: जुना अंदाज.
बराच वेळ मी ते खोडलं नाही,
मग पुढे कंसात माझं नाव घातलं.

साडेसहाला खाली शटर वर गेलं.
उपाशीपोटी आलेले एक काका,
स्वेटर, कानटोपी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी,
विचारत होते, चहा कधी घेता येईल?
पावती निघाल्याचा कर्रकर्र आवाज वर आला.
टेबलात एक ओळ वाढली.
आमची मोजदाद
एकाने जुनी झाली.