तपासले

पावण्याच्या कारखान्यात माझ्या टेबलावर
निळ्या पुठ्ठ्याचं एक लांबडं रजिस्टर असायचं.
दर पाळीला खाली उतरून
तीन नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह पाहायचा,
वर येऊन शेवटच्या रकान्यात लिहायचं : तपासले.
पुढे सही.

त्या रात्री मी उतरलोच नाही.
गुडघा दुखत होता, असं बायकोला सांगितलं पुढे.
गुडघा दुखत नव्हता.
चहा आला होता. गरम होता.
एवढंच.

बेंजामिन पारखे, वय चौतीस.
चौकशीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर उघडलं,
माझ्या सहीवर बोट ठेवलं :
व्हॉल्व्ह ठीक होता, म्हणजे चूक पारखेची.
भरपाई निम्मी झाली.
मी मान हलवली की नुसती खाली घातली,
आता आठवत नाही. साहेबांनी होकार लिहून घेतला.

आमची मंडळी घणसोलीत भरते,
फरशीच्या दुकानावर, भाड्याच्या हॉलमध्ये.
उत्तम शुक्रवारी पाळक सांगायचे,
एका निष्पापाने आपला दोष स्वतःवर घेतला.
सगळ्यांना वधस्तंभ दिसायचा.
मला पारखे दिसायचा.
फरक इतकाच, की त्याने तो घेतला नव्हता,
मी त्याच्यावर टाकला होता
आणि दुसऱ्या दिवशी पाळीला गेलो होतो.

प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडण्याची ओळ आली
की माझा आवाज बसायचा.
पुढच्या दोन रांगा सोडून रत्नमालाबाई बसायच्या.
त्यांचा आवाज नाही बसायचा.
एकोणीस वर्षं.

शेवटी गेलो एका दुपारी कोपरखैरण्याला.
त्या साडीला फॉल लावत होत्या.
मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं,
व्हॉल्व्ह, चहा, साहेबांचं बोट.
मशीन थांबलं नाही.
काठ संपेपर्यंत थांबलं नाही.
मग दोरा दातानं तोडून म्हणाल्या,
"माहीत आहे. चहावाला पोरगा सांगून गेला होता,
माती झाल्यावर आठवड्यानं."

मला बसावंसं वाटलं. खुर्चीवर साड्या होत्या.

"सात वर्षं तुम्ही मरावं म्हणून मागितलं देवाकडे.
त्यानं ऐकलं नाही.
मग तुमच्यासाठी मागायला लागले. चिडूनच.
सवय लागली नंतर.
तुम्हाला सोडलंय मी कधीच, भाऊ.
तुम्हीच न्यायला आला नव्हतात."

साड्या उचलून त्यांनी खुर्ची मोकळी केली.
"पाणी देते. चहा नाही विचारणार.
आणि त्याच्या नावावरचं उतरवा आधी."

कंपनीला पत्र लिहिलं, ते परत आलं.
तिथं आता काचेची इमारत आहे,
गळ्यात पट्टे घातलेली पोरं आत-बाहेर करतात.
तेव्हा रविवारी मंडळीपुढे उभा राहिलो
आणि तेच पत्र वाचलं.
कागद इतका हलत होता
की मधली एक ओळ दोनदा वाचली गेली :
चूक पारखेची नव्हती.
चूक पारखेची नव्हती.
कुणी आमेन म्हटलं नाही. पंखा फिरत होता.
मागून कुणीतरी नाक शिंकरलं.
पाप असं धुतलं जातं का, मला ठाऊक नाही.
त्या रात्री झोप लागली, एवढं ठाऊक आहे,
आणि ती मी कमावलेली नव्हती.

जानेवारीत शारोनचं लग्न लागलं.
पाळकांनी रजिस्टर उघडलं. निळाच पुठ्ठा.
साक्षीदार, वधूकडून : जागा कोरी.
रत्नमालाबाईंनी पेन माझ्यापुढे धरलं.
मी हात मागे घेतला.
"घ्या," त्या म्हणाल्या,
"पण या वेळी वाचून करा."

मी चष्मा पुसला.
तारीख वाचली. वराचं नाव, वय, धंदा.
वधूचं नाव.
वडिलांच्या रकान्यात : कै. बेंजामिन पारखे.
तिथं बराच वेळ थांबलो.
खाली दुकानात कुणी फरशी कापत होतं,
पाहुणे खोळंबले होते,
आणि बाई काही घाई करत नव्हत्या.