कारण : घुबड

उपकेंद्रातली रात्रपाळी म्हणजे
एक टेबल, तीन फीडर, ट्रान्सफॉर्मरची घूं,
कुंपणापलीकडे तुरीच्या ओळी आणि रानडुकरांची चाहूल.
अकरानंतर कोणी फोन करत नाही.
तेव्हा मी खून उघडतो.

पुस्तकं वाढोण्याच्या वाचनालयातली.
खळ लावून बांधलेली, मुखपृष्ठावर हिरवा हात,
मागे किंमत दीड रुपया.
त्यातला गुप्तहेर रात्रीही हॅट घालतो,
त्याला मच्छर चावत नाहीत,
आणि शेवटी तो सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो.
आमच्याकडे सगळ्यांना एका जागी बोलवायचं
तर कोणाची तरी तेरवी पाहिजे.

नव्या कादंबऱ्या नागपूरहून मागवतो.
त्यातल्या इन्स्पेक्टरला शुगर असते, बायको माहेरी,
खुनी दहाव्या पानावरच कळतो
आणि उरलेली तीनशे पानं 'का' म्हणून खणायची.
तेही आवडतं. विहीर खणल्यासारखं,
ओली माती लागली की झोप उडते.
पण हॅटवाल्याचं वेगळंच.
त्याला रुमालाचा एक कोपरा पुरतो.

तसा मीही काही कमी नाही.
तारेवरचा आकडा कोणाचा, हे मला गाठीवरून कळतं.
शालिक दोन पीळ देतो, देवमन तीन,
सरपंचाचा सगळ्यात नीट, वर टेप लावलेला.
खांबावरून सारं दिसतं. मी खाली उतरतो.
पुस्तकात मात्र दर वेळी माळ्यावर संशय घेतो
आणि माळी कधीच नसतो.

या जुन्या पुस्तकांत माझ्याआधी कोणीतरी राहून गेलंय.
समासात, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं :
'हा नाही. हा फार रडतो.'
'पाऊस होता, तर बाईच्या चपला कोरड्या कशा?'
आणि साठाव्या पानाच्या आसपास
एका नावाखाली दोन रेघा : 'हाच.'
सतरा पुस्तकं झाली.
सतराही वेळा चूक.
मला त्याची कीव यायची.

ओळखीची खूण एकच, त्याचा 'ळ',
विंचवासारखी शेपटी वर वळवलेला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाडताना
कपाटामागे जुनं लॉगबुक सापडलं, सन चौऱ्याण्णव.
'२.१० ला ट्रिप. कारण : घुबड.'
'४.०५ ला परत ट्रिप. वादळ नाही. कारण : दुसरं घुबड.'
वादळातला तो विंचू.
खाली सही, झिंगुजी बुरघाटे, ऑपरेटर.

दुसरा कोणी 'दोष आपोआप दूर' लिहून झोपला असता.
हा माणूस टॉर्च घेऊन तारेखालून चालत गेला,
पिसं सापडेपर्यंत.
एकाच रात्री दोनदा.
आणि हाच सतरा वेळा चुकतो?

चहा ओतला. तसाच राहिला.
डोळे मिटून दगड मारणाऱ्यालाही
सतरात दोन-तीन बोरं मिळतात.
एकदाही नेम न लागणं फक्त त्यालाच जमतं
ज्याला बोरं कुठं आहेत ते पक्कं ठाऊक आहे.

म्हणजे शेवटचं पान वाचून झाल्यावर
झिंगुजी मागे यायचे, साठाव्या पानापर्यंत,
पेन्सिलीला थुंकी लावायचे
आणि पुढच्या माणसासाठी
एक खोटा खुनी उभा करून ठेवायचे.
पुढचा माणूस मी.
तेव्हा मी तिसरीत होतो.

चौकशी केली. हिंगणघाटला मुलीकडे असतात.
डोळे गेलेत. कोणी वाचून दाखवलं तर
ऐकतात, म्हणे, आणि मधेच म्हणतात, थांब.
सुट्टी टाकलीय. विचारायचं काही नाही,
पिशवीत एक जाडजूड नवी नेणार आहे.

काल एक संपली, पहाटे तीनला.
नवी, पण जुन्या वळणाची.
शेवटच्या पानाला खुर्ची मागे सरकली माझी,
बाहेर कुत्रं भुंकलं.
ही वाचनालयाला देऊन टाकणार.

त्याआधी साठावं पान काढलं.
डॉक्टर बिचारा देवमाणूस आहे,
रात्री-बेरात्री फुकट इंजेक्शन देतो.
त्याच्या नावाखाली
दोन रेघा ओढल्या.