एकास पाच

टायगर मॉथ. एकास पाच.
खरं विमान जिथे पाच हात, तिथे आमचं एक हात.
तरी पंख पावणेसहा फूट, वर एक जोडी, खाली एक,
आणि मध्ये तारा अशा तिरप्या ताणलेल्या
की एक सोडली तर चारही रुसतात.
घरातनं बाहेर काढायला दार बिजागरीवरून उतरवलं.

बाल्साच्या फळ्या चेन्नैहून आल्या.
पोस्टमन म्हणाला, रिकामं खोकं पाठवलंय बघा तुम्हाला कुणीतरी.
फासळ्या मी कापल्या. दोन हिवाळे गेले.
कापड मात्र इरेशममामानं चढवलं.
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस,
नखानं टकटक करायचा पंखावर, कान लावायचा:
"हितं ढिलं आहे बे."
खळ वाळताना कापड कसं आवळतं
हे त्याला मी काय सांगणार.
विमानाला लावतात त्याला डोप म्हणतात,
वास निराळा, गोष्ट तीच.

चाकं लहान केली. घड्याळं लहान केली,
काटे सुईनं ओढले.
मागच्या सीटवरचा शिकाऊ पोरगा अंगठ्याएवढा नाही, वीतभर झाला.
सुवर्णानं फाटक्या चादरीतून त्याचं जाकीट शिवलं,
पाठीवर मोराचं अर्धं डोकं आलं.
राहू दे, म्हणाली.

वारा लहान करता येत नाही.
कुंभारीच्या माळावर तो येतो तो पूर्ण मापाचा,
त्याच्याकडे नकाशा नाही, फूटपट्टी नाही.
म्हणून एप्रिलात सकाळी सहाला जायचं.
आठनंतर जमिनीतून नुसत्या उकळ्या.

त्या दिवशी दोन रिमोट नेले, मध्ये वायर.
माझ्या बोटाखाली खटका:
दाबून धरला की विमान मामाचं,
सोडला की माझं.
मामाचे हात दोन वर्षांपासून थरथरतात.
चहा अर्धा बशीत, अर्धा सदऱ्यावर.
मला नको, म्हणत होता. मी गळ्यात पट्टा अडकवला.

मी उडवलं, वर नेलं, सरळ केलं.
खटका दाबला.

आणि तीनशे फुटांवर
पंख एवढेएवढेसे हलू लागले.
मामाचा हात दिसत होता आकाशात,
उन्हं लागलेला, पिवळा.
मेंढरं घेऊन आलेला बिराप्पा थांबला,
"थंडी वाजतीय व्हय त्याला?"

जाताना जमतं सगळ्यांनाच.
वळून तुमच्याकडे येऊ लागलं की घोळ:
त्याचं डावं तुमचं उजवं होतं,
वर्षवर्ष घोकलेला हात चुकीकडे जातो.
मामाचा गेला.
डावा पंख कलला, मग आणखी कलला,
नाक खाली, आवाज बारीक होत मोठा.
माझं बोट खटक्यावर.
"वदलकु," मामा म्हणाला.
सोडू नको.
मला म्हणाला, की विमानाला,
की स्वतःच्याच हातांना, अजून विचारलेलं नाही.

पंख ज्या बाजूला पडतोय
त्याच बाजूला काठी सरकवायची, टेकू दिल्यासारखी.
मी एकदाच सांगितलं होतं, सहा महिन्यांपूर्वी, डोप लावताना.
मामानं टेकू दिला.
बाभळीच्या शेंड्यावरून गेलं.
मेंढरं पांगली, बिराप्पानं माझ्या आईचं नाव काढलं.

उतरवलं मीच. एक चाक मोडलं.
रिक्षात पंख आम्हा दोघांच्या मांड्यांवर आडवे,
टोकं दोन्हीकडून बाहेर,
आणि होटगी रोडवर वेग आला तसे
ते आम्हाला हलकेच वर उचलू बघायला लागले.
रिक्षावाला आरशात बघून काहीच बोलला नाही.
मामानं नखानं टकटक केली,
कान लावला,
वाऱ्यात काय ऐकू येणार,
तरी म्हणाला,
"हितं ढिलं झालंय बे. परत ताणू."